रांग बरी की भाव? (कपाशीच्या पाकिटावरून सुरू झालेली चर्चा)

पराटीवाला

मागच्या आठवड्यात पहाटे साडेचारला एका कृषी केंद्रासमोर रांगेत उभा होतो. नोकरी नागपुरात, बँकेत. पण काटोलकडं सहा एकर आहे आणि बाबांच्यानं आता होत नाही, म्हणून जून आला की माझी वरात निघते. कपाशीचं एक वाण आहे. गेल्या साली आमच्या शिवारात त्याचं बोंड टपोरं आलं, वेचायलाही सोपं गेलं. मग काय, यंदा आख्ख्या तालुक्याला तेच पाहिजे. बियाण्याची माणशी दोन पाकिटं. माझ्यापुढं साठेक जण. काहींनी आपल्या जागी चपला ठेवल्या होत्या, एकानं पाण्याची कॅन.

उजाडलं तसा बायकोचा फोन. सांबार संपला, पोह्यावर टाकायला नाही. मी रांगेतूनच मोबाइलवर बटण दाबलं. दहा-बारा मिनिटांत घरी सांबार पोचला. तेवढ्या वेळात माझी रांग चार चपला पुढं सरकली होती.

साडेआठला शटर उघडलं, सव्वानऊला 'संपलं'. मला मिळालं नाही. बाजूच्या बोळीत एक पोरगा हळूच म्हणाला, 'बाराशे'. पाकिटावर छापील किंमत 901.

तर माझं म्हणणं सरळ आहे. रांगेत गेलेले पाच तास कोणाच्या खिशात गेले? कोणाच्याच नाही. ते जळाले. तीनशे रुपये जास्त दिले असते तर निदान कोणाला तरी मिळाले असते, आणि त्या कोणाला तरी पुढच्या साली जास्त बियाणं करावंसं वाटलं असतं. सरकारनं भाव बांधला म्हणून टंचाई जात नाही. ती भावातून निघून रांगेत येऊन बसते, आणि काउंटरमागच्या माणसाला उगाच मोठं करते. हुकमी अर्थव्यवस्था (जिथं भाव आणि उत्पादन सरकार ठरवतं) आणि बाजार यांतला फरक मी कॉलेजात पाठ केला होता. समजला त्या चपलांच्या रांगेत.

बाराशेला घ्यावीत का, हाही प्रश्न आहेच. पाऊस तोंडावर आहे.

इतवारीकर

भाऊ, दुखणं सोपं आहे. बीजी-2 चं, म्हणजे बोंडअळीला तोंड देणाऱ्या बीटी कपाशीचं वाण कोणतंही असो, सरकारनं ठरवलेली कमाल किंमत एकच. चांगलं निघालं तरी 901, भंगार निघालं तरी 901. आता मले सांगा, चिन्नोर अन् रेशनचा तांदूळ एकाच भावानं विका म्हटलं तं काय होईल? चिन्नोर काउंटरखाली जाईल अन् रेशनचा ढीग दाराशी लागेल. तुमच्या त्या दुकानात बाकीच्या वाणांचे ढीग पडून होते की नाही? होतेच. म्हणजे बियाण्याची टंचाई नाहीच मुळी. एका वाणाची टंचाई आहे, अन् तीही कागदावर केलेली.

आमच्या घरात हे तीन पिढ्या पाहिलं आहे. 1963 साली सोनं चौदा कॅरटच्या वर घडवायचं नाही असा नियम आला, तवा आमच्या गल्लीतले, सराफ्यातले कारागीर हातोडी ठेवून बसले. लोकांनी सोनं घेणं सोडलं का? बाया चौदा कॅरटचं मंगळसूत्र घालायला तयार झाल्या का? काही नाही. धंदा मागच्या दारातून चालू राहिला. चौदा कॅरटची अट तीनेक वर्षांत गेली, पण सोन्यावरचं नियंत्रण पुरतं जायला 1990 उजाडलं.

अन् 1973. एप्रिल महिन्यात केंद्र सरकारनं गव्हाचा घाऊक व्यापारच ताब्यात घेतला. व्यापारी म्हणजे चोर, त्याला मधून काढा, गहू आपोआप स्वस्त. आजोबा सांगत, गहू बाजारातून असा पळाला जसा पोट्टा मास्तरला पाहून पळते. वर्षभरात सरकारनं ते गुंडाळलं.

उलट एक उदाहरण देतो. गुटख्यावर 2012 पासून राज्यात बंदी आहे, मागाहून सुगंधी सुपारीवरही. नागपुरात एका दिवसासाठी तरी खर्ऱ्याची (सुपारी-तंबाखू घोटून करतात तो) टंचाई झालेली कोणी पाहिली असेल तं हात वर करा.

कोथरूडचा

सांबार संपला म्हणजे? पोह्यावर सांबार घालता तुम्ही??

पराटीवाला

कोथिंबीर हो. आमच्याकडं तिला सांबार म्हणतात. इडलीसोबतचं ते वेगळं.

भोंगा

पराटीवाले भाऊ, रांगेत जे तुमच्या मागं होते त्यांचा विचार केला का? तुम्ही बँकेत नोकरीला. बाराशे तुम्हाला जड नाहीत. सहा एकराला बारा पाकिटं, साडेतीन हजार जास्तीचे, दोन वेळा बाहेर जेवलं नाही की निघाले. पण ज्यानं कर्ज काढून जून गाठला त्याच्याकडं पैसे नाहीत, वेळ आहे. रांग ही एकच जागा आहे जिथं त्याची वेळ आणि तुमची वेळ एका भावात जाते. म्हणूनच तुम्हाला ती झोंबली.

माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, साचा खात्यात. माझ्या नावातला भोंगा तिथला. ही मिल 1877 ची, जमशेटजी टाटांची, म्हणजे बाजाराचंच लेकरू. कबूल, चांगलं लेकरू: 1886 मध्ये पेन्शन फंड होता तिथं. पण बाजार बदलला, मिल बुडू लागली, तेव्हा मालकानं हात वर केले आणि 1986 ला सरकारनं ती अंगावर घेतली. पुढची वर्षं आमच्या घरात जो पगार आला त्यावर माझं शिक्षण झालं. 2002 ला तीही बंद. आज तिथं मॉल आहे. इतवारीकर म्हणतील, बघा, बाजारानं जागेचा योग्य उपयोग केला. केला असेल. वडील त्या मॉलात एकदाच गेले. सरकत्या जिन्याजवळ उभे राहून म्हणाले, इथं कापूस पिंजायची ब्लो रूम होती.

इतवारीकर

वडिलांबद्दल आदर आहे. पण सोळा वर्षं जो तोटा सरकारनं भरला तो कोणाच्या खिशातून? माझ्या बापानं भरलेल्या विक्रीकरातून. तुमच्या घरात पगार आला तो आकाशातून नाही पडला.

भोंगा

आणि तुमच्या गोदामाला जो रस्ता येतो तो आकाशातून पडला का?

पाच कोपेक

खरी हुकमी अर्थव्यवस्था इथं कोणी पाहिलेली दिसत नाही, म्हणून लिहितो. मी 1980 च्या दशकात मॉस्कोत पाच वर्षं शिकलो. पॅट्रिस लुमुंबा विद्यापीठात. आपल्याकडं जे होतं ते परवाना-राज्य. शेत शेतकऱ्याचं, दुकान वाण्याचं, आणि डोक्यावर सरकारचा शिक्का. तिकडं दुकानच सरकारचं, दुकानातली बाईही सरकारची, आणि ब्रेडचा भावही सरकारचा.

पहिल्यांदा चांगलं सांगतो, कारण ते खोटं नव्हतं. मेट्रोचं तिकीट पाच कोपेक (शंभर कोपेकचा एक रुबल). 1961 पासून 1991 पर्यंत तेच. खोलीभाडं नगण्य. नोकरी जाईल अशी भीती मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही. पुस्तकं इतकी स्वस्त की आपल्याकडंही गाडीभरून यायची आणि नागपुरातल्या निम्म्या घरांत एक तरी जाड पुठ्ठ्याचं रशियन गोष्टींचं पुस्तक असायचं.

आता दुसरी बाजू. प्रत्येकाच्या खिशात एक जाळीची पिशवी असे, घडी करून. तिचं नाव 'आवोस्का'. 'आवोस' म्हणजे 'कदाचित'. कदाचित वाटेत काहीतरी मिळेल, म्हणून बाळगायची पिशवी. रस्त्यात रांग दिसली की लोक आधी उभे राहत, मग पुढच्याला विचारत, 'श्तो दायूत?' म्हणजे 'काय देतायत?' काय विकतायत असं कोणी विचारत नसे. नागपुरी बोलीत सांगायचं तर 'काय वाटून राहिले?' आणि दुकानात माल आला की म्हणत, माल 'बाहेर फेकला'. पैसे तुम्ही देताय, तरी भाषा दानाची. मला त्या देशाबद्दल एकच गोष्ट सांगा म्हटलं तर मी ही सांगतो. गिऱ्हाईक हा शब्द होता, गिऱ्हाईक नव्हतं.

मोठ्या दुकानात रांगाही तीन. एक माल बघून किंमत विचारायची, दुसरी गल्ल्यावर पैसे भरायची, तिसरी पावती दाखवून माल घ्यायची. तिसरीत पोचेपर्यंत माल संपला तर पुन्हा गल्ल्यावर. आणि ब्रेड इतका स्वस्त ठेवलेला की खेड्यांतून लोक तो डुकरांना, कोंबड्यांना घालत, कारण धान्यापेक्षा तयार ब्रेडच परवडे.

मग भाव का वाढवला नाही? एकदा वाढवला होता. 1962 मध्ये मांस-लोणी महाग केलं. नोवोचेर्कास्क गावात कामगार रस्त्यावर आले, त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसं मेली आणि ती बातमी पंचवीसहून अधिक वर्षं दाबून ठेवली गेली. त्यानंतर जवळपास तीस वर्षं मांसाच्या सरकारी भावाला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. भाव जागच्या जागी, रांग मात्र दरवर्षी लांब.

पराटीवाल्यांचं एक वाक्य मात्र दुरुस्त करतो. काउंटरमागचा माणूस 'उगाच' मोठा होत नाही. तिथं त्याला नाव होतं: 'ब्लात'. ओळखपाळख. खाटकाशी ओळख असणं हे डॉक्टरच्या पदवीपेक्षा मोठं. आमच्या वसतिगृहात पूर्व जर्मनीचा एक मुलगा होता. त्याच्या वडिलांनी ट्राबांट गाडीसाठी नाव नोंदवलेलं, नंबर यायला दहा वर्षांहून जास्त. त्यामुळं तिकडं जुनी ट्राबांट नव्या गाडीपेक्षा महाग, कारण जुनी आज मिळते.

महालकर बाई

नवी स्कूटर आणि जुनी स्कूटर यांचं हेच गणित आम्ही इथं नागपुरात, महाल भागात पाहिलेलं आहे, त्यासाठी जर्मनीला जायला नको. नंबर लागलेली स्कूटर घरी न आणता शोरूमच्या फाटकातच विकणारे लोक होते.

पण मला दुसरंच सांगायचं आहे. एवढ्या सगळ्यांनी लिहिलं, रांगेत वेळ जातो, तास जळतात. कोणाचे? रांगेत उभं कोण राहायचं ते एकानंही लिहिलं नाही. बाया. 1972 चा दुष्काळ, मी नववीत. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची. भाकर लाल, घशाखाली उतरायला कठीण, लहान भाऊ ताट सारून रडायचा. आई घरकाम उरकून, आणि ती गेली की मी, अशा पाळ्या. रॉकेलची रांग वेगळी, साखरेची वेगळी. वडील आणि भाऊ 'सरकारचं चुकतंय' की 'व्यापाऱ्यांचं चुकतंय' यावर ओट्यावर बसून चर्चा करायचे. अगदी अशीच.

आणि तरी सांगते, ती लाल भाकर होती म्हणून आम्ही जगलो. बाजारात ज्वारी होती. नव्हती असं नाही. आमच्या ऐपतीत नव्हती. इतवारीच्या घाऊक बाजारात गोदामं होती, इतवारीकरांनी रागावू नये.

ताईच्या लग्नात वडील लग्नपत्रिका घेऊन पुरवठा कार्यालयात गेले, जास्तीच्या साखरेचं परमिट काढायला. तिथल्या कारकुनानं पत्रिका उलटसुलट पाहिली आणि विचारलं, 'मुलगा काय करतो?' त्याला काय करायचं होतं? पण वडिलांनी सगळं सांगितलं. पगारासकट. हे मला कायम खुपतं. बाजारात भाव ऐकून आपण गप्प परत येतो, तिथं मुलीच्या लग्नाचा हिशेब परक्याला द्यावा लागतो.

बोंडअळी

कृषी खात्यातून निवृत्त. थोडी माहिती घालतो, कारण दोन्ही बाजू हवेत चालल्या आहेत.

एक. आज जूनमध्ये भाव मोकळा केला तरी याच जूनमध्ये एकही पाकीट वाढणार नाही. संकरित कपाशीचं बियाणं आदल्या हंगामात तयार होतं. एकेका फुलातले पुंकेसर हातानं काढायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडाचे परागकण हातानं लावायचे. हजारो मजुरांचं काम आहे, तेही मुख्यतः बायकांचं (महालकर बाईंनी नोंद घ्यावी). आता भाव वाढला तर फक्त पाकिटं कोणाच्या हाती जातील ते बदलेल.

दोन. पुढच्या साली वाढतील हे खरं. पण पुढच्या साली हेच वाण लागेल कशावरून? एखाद्या शिवारात बोंड मोठं दिसलं की तालुका धावतो. त्या वर्षीचा पाऊस कसा होता, जमीन कशी होती, हे कोणी विचारत नाही. बियाण्याची मागणी पुष्कळदा अफवेवर चालते.

तीन. मोकळा भावही आपण पाहिला आहे. 2002 मध्ये बीटीला परवानगी मिळाली. सुरुवातीला 450 ग्रॅमचं पाकीट सोळाशे रुपयांच्या आसपास होतं, त्या काळचे सोळाशे. तंत्र एकाच कंपनीच्या हाती. आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडं गेलं, 2006 मध्ये भाव साडेसातशेवर आला. कंपन्या काही बंद पडल्या नाहीत. म्हणजे तो जो 'बाजारभाव' होता त्यात बाजार किती आणि मक्ता किती?

चार. इतवारीकरांचा मुद्दा मात्र पक्का आहे. सगळ्या वाणांना एकच कमाल किंमत, ही खोट आहे. आणि तिच्यातून 'लिंकिंग' निघतं. मागणी असलेल्या पाकिटासोबत नको असलेली औषधाची बाटली घ्याच. युरियाचं तर नेहमीचंच. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैसे, हा भाव कागदावर. सोबतच्या बाटलीचे पैसे धरून पाहा.

पराटीवाला

बोंडअळी साहेब, पहिला मुद्दा मान्य. मी तो विचारच केला नव्हता.

पण भोंगा भाऊंनी गरीब शेतकऱ्याच्या नावानं रांगेची बाजू घेतली, त्यावर बोलायलाच पाहिजे. आमच्या घरानं ही गोष्ट तीस वर्षं भोगली. कापूस एकाधिकार. तरुणांसाठी थोडक्यात: 1972 च्या हंगामापासून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला आपला कापूस फक्त सरकारी योजनेतच विकता यायचा. व्यापाऱ्याला विकणं गुन्हा. राज्याबाहेर नेणं गुन्हा. स्वतःच्या शेतातला, स्वतः वेचलेला. ही काही मॉस्कोची गोष्ट नाही, काटोल-नरखेड-सावनेरची आहे.

बाबा सांगतात: बंडी भरून केंद्रावर जायचं, तिथं दोन-दोन दिवस बंड्यांची रांग. बैलांचा कडबा सोबत, रात्री बंडीखालीच झोपायचं. नंबर आला की ग्रेडर मुठीत कापूस घ्यायचा, एक पेळू ओढून बघायचा आणि ग्रेड सांगायचा. त्या एका मुठीवर वर्ष. दुसरीकडं नेतो म्हणायची सोय नाही, कारण दुसरीकडं नव्हतंच. मग चुकारे. एक हप्ता आज, बाकीचे केव्हा तरी. तोवर किराणा उधारीवर, म्हणजे ज्या व्यापाऱ्यापासून आम्हाला वाचवलं म्हणत होते त्याच्याच दारात.

आणि सीमेपलीकडं, पांढुर्ण्याला, भाव जास्त असला की रात्रीच्या बंड्या निघायच्या. बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून. बाबा आयुष्यात एकदाच चोरासारखे वागले, ते स्वतःचा कापूस विकताना.

शरद जोशींची माणसं 'आम्हाला तुमची दया नको, भाव मोकळा करा' म्हणत होती, ते ऐकून बाबा शेतकरी संघटनेत गेले. बिल्ला अजून आहे.

भोंगा

अर्धी गोष्ट सांगितली. उलट्या दिशेच्या बंड्या सांगा की. पलीकडं भाव पडला की मध्य प्रदेशातला, आंध्रातला कापूस आपल्या केंद्रांवर यायचा. का? कारण इथं भाव चांगला होता. त्या वर्षांत विदर्भातली किती घरं कौलाची स्लॅबची झाली ते बाबांना विचारा.

आणि 2002 पासून खाजगी व्यापारी आले. मोकळा बाजार. त्यानंतरची वर्षं विदर्भात कशासाठी ओळखली गेली ते मी लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

पराटीवाला

बाबांना विचारलं. आमचं घर 1980 च्या दशकातल्या एका चांगल्या वर्षाच्या चुकाऱ्यावर बांधलं म्हणाले. तेव्हा हे मान्य.

आणि एकाधिकार गेला म्हणून आत्महत्या झाल्या, हे इतकं सरळ नाही. कर्ज, कोरडवाहू जमीन, पडलेला जागतिक भाव, अमेरिकेचं अनुदान, पुष्कळ काही. पण बाजारानं सांभाळून घेतलं असंही मी म्हणणार नाही.

माझाच अनुभव देतो, माझ्या विरुद्ध जातो तरी. 2021-22 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 6025 आणि बाजारात दहा हजारांच्या वर. सगळे खूश. पुढच्या साली मी हुशारी केली. कापूस घरात भरून ठेवला, दहा हजार होतील म्हणून. भाव साडेआठ, आठ, साडेसात. मे महिन्यात घरभर खाज, आईच्या अंगावर फोड. शेवटी मिळेल त्या भावात दिला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मीच सगळा गाढवपणा केला. पण तो माझा गाढवपणा होता. ग्रेडरच्या मुठीतला नव्हता. एवढा फरक मला मोठा वाटतो, तुम्हाला वाटणार नाही कदाचित.

बोंडअळी

'बाजारात दहा हजार' म्हणताना हेही लिहा की एप्रिल 2022 मध्ये केंद्रानं कापसावरचं आयातशुल्क काढून टाकलं, गिरण्यांना कापूस महाग पडतो म्हणून. भाव पडला की 'बाजार आहे, आम्ही काय करणार', आणि चढला की अधिसूचना. शेतकऱ्याच्या वाट्याला दोन्ही व्यवस्थांचा वाईट भाग येतो.

इतवारीकर

हे पहिलं वाक्य ज्यावर मी अन् भोंगा दोघं सही करू.

सेकंड गिअर

मी त्या दहा मिनिटांत सांबार आणणाऱ्यांपैकी आहे. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर पट्टा. सगळं वाचलं, ऑर्डर नव्हती म्हणून.

तुम्ही लोक ज्याला बाजार म्हणून राहिले, तो मले कुठंच दिसत नाही. एका ऑर्डरचे किती, ते मी ठरवत नाही. गिऱ्हाईक पण ठरवत नाही. वरून येते. झोन वरून येते. कोणत्या वेळेत गाडीवर राहायचं ते वरून. इतक्या ऑर्डर झाल्या तर बोनस, एक कमी पडली तर शून्य. अन् ती शेवटची ऑर्डर कधी देतील ते बी त्यांच्याच हातात. आत माल काढणाऱ्या पोट्ट्याला एका पिशवीला किती सेकंद, ते पण लिहिलेलं आहे. मॉस्कोवाल्या काकांनी टार्गेटच्या गोष्टी सांगितल्या असत्या तं मी म्हणलो असतो, काका, उद्या या, आमच्या पॉइंटवर दाखवतो.

पाऊस पडला की तुमच्याकडून जास्त घेतात. त्यातले आमच्याकडं किती येतात, विचारू नका.

पाच कोपेक

मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. कंपनीच्या दाराबाहेर बाजार आणि दाराच्या आत हुकूम, असंच असतं. कुठल्याही मोठ्या कंपनीत एक खातं दुसऱ्या खात्याला भाव विचारत नाही, आदेश मानतं. फक्त तुझ्यासारख्याला दार उघडं आहे. ही सोडून दुसऱ्या ॲपवर जाता येतं. आम्ही जिथं होतो तिथं दुसरं काही नव्हतंच.

सेकंड गिअर

तिन्ही लावून पाहिले काका. रेट सारखाच, टी-शर्टचा रंग वेगळा.

धंतोलीचा डॉक्टर

रांग आणि भाव यांवर एवढी चर्चा आणि 2021 चा एप्रिल कोणालाच आठवला नाही? कोविडमधलं रेमडेसिव्हिर इंजेक्शन. छापील किंमत सरकारनं उतरवायला लावलेली, वाटप जिल्हा प्रशासनाच्या हाती. रुग्णालयाबाहेर नातेवाइकांच्या रांगा आणि मागच्या बाजूला छापील किमतीच्या कितीतरी पट भाव.

इतवारीकर

डॉक्टर साहेब, तेच तर मी म्हणून राहिलो. भाव बांधला म्हणून काळाबाजार झाला.

भोंगा

भाव बांधला नसता तर तोच काळाबाजाराचा भाव पांढरा झाला असता. एवढंच. माझा मोठा भाऊ तेव्हा व्हेंटिलेटरवर होता. मी पंचवीस हजाराला एक इंजेक्शन घेतलं आणि घेताना मला बाजार म्हणजे काय ते नीट कळलं. विकणाऱ्यानं माझ्या तोंडाकडं पाहून भाव सांगितला.

धंतोलीचा डॉक्टर

भोंगा, वाईट वाटलं वाचून. एक कडू गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ज्या औषधासाठी ही सगळी झुंबड होती, ते कोविडसाठी वापरू नये असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनं त्याआधीच, नोव्हेंबर 2020 मध्ये दिला होता. तरी चिठ्ठीवर लिहिलं जात होतं. आम्हीही लिहिलं. नातेवाईक हात जोडून उभे असताना 'याचा फारसा उपयोग नाही' म्हणणं जमलं नाही. बोंडअळी साहेबांनी वाणाबद्दल लिहिलं, मागणी अफवेवर चालते, ते वाचून हेच आठवलं.

महालकर बाई

माझ्याकडं कामाला येणाऱ्या बाईला दर महिन्याला माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, जानेवारी 2023 पासून पैसेच नाहीत. घरात पाच माणसं. त्यातला बराचसा तांदूळ ती दारावर येणाऱ्या सायकलवाल्याला विकते आणि त्या पैशांतून तेल, तिखट, मुलाची वही घेते. मी विचारलं, असं का? म्हणाली, 'बाई, तांदूळ सरकारनं ठरवला, मले तेल पाहिजे होतं.'

मग पैसेच खात्यात द्यावेत का, असं विचारलं. ती घाईनं नाही म्हणाली. 'पैसे नवऱ्याच्या हाती जातील, तांदूळ तरी घरात येते.'

आता याला कुठल्या खान्यात टाकायचं ते तुम्ही ठरवा.

इतवारीकर

बाई, तो सायकलवाला तांदूळ कुठं नेतो ते मले माहीत आहे, पण लिहीत नाही.

कोथरूडचा

मूळ प्रश्न राहिलाच. बाराशेला घेतली का पाकिटं?

पराटीवाला

नाही घेतली. बोंडअळी साहेबांचं वाचून चार एकरांत दुसरं वाण लावायचं ठरवलं. ते त्याच दुकानात ढिगानं पडलं होतं, छापील किमतीच्या खालीच मिळालं. उरलेल्या दोन एकरांसाठी चार पाकिटं हवी होती, ती शेजारच्या काकांनी दिली. 901 लाच. वर एक रुपया घेतला नाही. बदल्यात त्यांच्या तीन एकरांना आमचा ट्रॅक्टर एक दिवस द्यायचा. परवा पाऊस झाला की टोबणी.

भोंगा

बघा. ना रांग, ना भाव. गावात अजून माणुसकी आहे.

इतवारीकर

एक मिनिट. माणशी दोन पाकिटं मिळत होती ना? मग शेजारच्या काकांकडं जास्तीची चार आली कुठून?

पराटीवाला

त्यांचा मेहुणा त्या कृषी केंद्रात कामाला आहे.

पाच कोपेक

ब्लात.